डिफरन्शिअलचं ऑइल घरी बदलताना

डिफरन्शिअल म्हणजे अॅक्सलवरचा, डावं-उजवं चाक वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा गिअरचा संच. आधी त्याचा वरचा फिलर प्लग (ऑइल भरायचं बूच) सुटतो का ते बघ, मगच खालच्या ड्रेन प्लगला (ऑइल काढायचं बूच) हात लाव. उलटं केलंस आणि वरचा जाम निघाला, तर डिफरन्शिअल ऑइलविना रिकामा, गाडी दारातच उभी राहील.

आठ-दहा किलोमीटर फिरवून ये, कोमट ऑइल लवकर उतरतं. गाडी सपाट जागेवर, चाकांना अडसर लावून. नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नकोस.

ड्रेन प्लगच्या चुंबकावर बारीक राखाडी चिखल असणारच. हाताला लागणारे तुकडे निघाले तर गिअर किंवा बेअरिंग गेलं समज. ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटी-कणकुंबीकडे पावसाळ्यात ओढे ओलांडणाऱ्या गाड्यांना हे हमखास होतं: डिफरन्शिअलचं तापलेलं हाऊसिंग (बाहेरचं कवच) गार पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते, आणि ब्रीदर (हवा आत-बाहेर जाण्याची छोटी नळी) चिखलानं बुजलेला असला तर सीलमधून पाणी ओढलं जातं. म्हणून ब्रीदर साफ केल्याशिवाय नवं ऑइल ओतू नकोस, नाहीतर पैसे पाण्यातच.

बहुतेक ठिकाणी जीएल-५ दर्जाचं, ८०डब्ल्यू-९० जाडीचं गिअर ऑइल चालतं. ग्रेड आणि माप मात्र गाडीच्या पुस्तकातलंच धर. लिमिटेड स्लिप (एकच चाक फुकट फिरू न देणारा डिफरन्शिअल) असेल तर त्याचं खास ऑइल. वॉशर नवा घाल, ड्रेन प्लग बसव, मग पिचकारीनं भर. फिलरच्या भोकाच्या खालच्या काठावरून ऑइल ओघळू लागलं की पुरे.

फोर बाय फोर गाडीला पुढेही डिफरन्शिअल असतो, तो विसरतात बरेच जण. ट्रान्सफर केसचं (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरबॉक्स) ऑइल वेगळं असतं, तेही बघ. जुनं ऑइल उसाच्या पाटात सोडू नकोस, डब्यात भरून भंगारवाल्याला दे.