हात जड वाटतो, पण टेपवर फरक दिसत नाही. इम्पिडन्स टेस्ट करावी का?

तुमचा प्रश्न असा: आईचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठी काढल्या, आता हात जड वाटतो म्हणते. टेपने मोजलं तर काही नाही. इम्पिडन्स टेस्टवर पैसे घालावेत का, की हे मनाचे खेळ?

'मनाचे खेळ' वाचलं आणि कुकर बंद करून लिहायला बसले.

टेस्ट करा. ती हातात साठलेलं पाणी बारीक करंट सोडून मोजते. आता माझं ऐका.

माझं ऑपरेशन २०१७ चं, उजवी बाजू. सात-आठ महिन्यांनी संध्याकाळचा दंड भरून यायला लागला. डोळ्यांना सूज दिसायची नाही, पण परळहून मुलुंड येईस्तोवर पर्स आपसूक डाव्या खांद्यावर गेलेली असायची. हॉस्पिटलात टेप लावली. "काकू, दोन्ही हातांत दोन सेंटिमीटरच्या आतच फरक आहे. शिवाय तुम्ही उजव्या हाताने कामं करता, तो दंड जरा जाड असायचाच." बरं, मग ऑपरेशनच्या आधी किती जाड होता? ते कुणी मोजलंच नव्हतं! घरी आल्यावर ह्यांनी तेच ऐकवलं, दिरांनी त्यावर मीठमसाला लावला.

मला सोडवलं ते आमच्या शिंप्याने. दिवाळीचा ब्लाउज घालून बघितला तर म्हणाला, "ताई, उजवी बाही दंडात धरतेय." त्याने जुनी मापाची वही काढली. २०१५ च्या पानावर माझा दंड साडेअकरा इंच. (तो एकाच हाताचं माप घेतो, नशिबाने उजव्या.) आता भरला सव्वाबारा. डावा मोजला, साडेअकराच. म्हणजे अंगाने सुटले म्हणावं तर तेही नाही. पाऊण इंच म्हणजे १९ मिलिमीटर. दोन सेंटिमीटरला एक मिलिमीटर कमी पडला, म्हणून मी ठणठणीत!

मग एका खाजगी सेंटरमध्ये टेस्ट केली. बांगड्या-अंगठ्या काढून उताणं झोपवतात, हाता-पायाला चिकटपट्ट्या लावून अगदी बारीक करंट सोडतात. काही जाणवत नाही. पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंतीतून करंट लागतो ना, तसलंच तत्त्व. कमी फ्रिक्वेन्सीचा करंट पेशींच्या आत शिरत नाही, पेशींच्या मधल्या पाण्यातून जातो. ते पाणी वाढलं की अडथळा कमी. दोन्ही हातांची तुलना करून, कोणता हात कामाचा हे धरून, एक आकडा काढतात. त्याला एल-डेक्स म्हणतात. उणे १० ते अधिक १० साधारण ठीक. माझा १४ आला. तो कागद मी फ्रिजवर लावला, दिरांना पाणी घेताना दिसेल असा.

नंतर स्लीव्ह (हात दाबून धरणारी घट्ट बाही), फिजिओ, हलका मसाज. आकडा खाली आला.

लवकर कळण्याचा उपयोग होतो. २०२२ मध्ये आलेल्या एका मोठ्या अभ्यासात बायकांवर या टेस्टने नजर ठेवली आणि आकडा मूळच्या मापापेक्षा ६.५ ने वाढला की चार आठवडे स्लीव्ह दिली. त्यांच्यात सूज कायमची होण्याचं प्रमाण ७.९ टक्के राहिलं, टेपने मोजून स्लीव्ह दिलेल्यांत १९.२. पण त्यासाठी ऑपरेशनच्या आधीचं माप हवं. ते घेतलं जात नाही याचा माझा राग अजून गेलेला नाही.

दिरांनी पुढे घरी चरबी दाखवणारा वजनकाटा आणला. "वहिनी, हेच तुमचं इम्पिडन्स, फुकटात!" अहो, नुसतं वर उभं राहायच्या काट्याचा करंट एका पायातून चढतो आणि दुसऱ्यातून उतरतो. हाताशी त्याचा संबंध काय? हे त्यांना तीन गणपतींत समजावलं, अजून पटलेलं नाही.

आता जरा सबुरीने. सूज जुनी होऊन हात टणक झाला असेल तर हे मशीन फसतं, कारण ते पाणी मोजतं. साठलेली चरबी आणि कडक झालेलं मांस त्याला दिसत नाही. दोन्ही बाजूंचं ऑपरेशन असेल तर हाताशी हाताची तुलना चालत नाही, पायाशी करावी लागते. पेसमेकर असेल तर टेस्ट नकोच. आणि हात लाल, गरम होऊन ताप आला तर टेस्टच्या नादी न लागता त्याच दिवशी डॉक्टर गाठा, ते इन्फेक्शन असू शकतं. नुसत्या आकड्यावर निदान होत नाही, आईचा हात फिजिओने चाचपून बघायलाच हवा.

खर्चाचं राहिलं. माझे भाव जुने झाले, फोन करून विचारा. त्याच फोनवर हेही विचारा की दोन्ही हात वेगवेगळे मोजतात का. अंगातल्या चरबीचा कागद हातात देणारे निघाले तर रिक्षाभाडंसुद्धा घालवू नका.