भाचा नववीत गणितात नापास झालाय, ट्रॉलरवर जातो म्हणतो. शाळेत कसा टिकवायचा?

'मुख्याध्यापक म्हणतात दाखला काढा, सतरा नंबरचा फॉर्म भरू' हे तुम्ही प्रश्नाच्या शेवटी सहज लिहून टाकलंय. सतरा नंबर म्हणजे शाळा सोडून बाहेरून दहावीला बसायचा अर्ज. खरी गोची तिथेच आहे, ट्रॉलर नंतर.

दाखल्यासाठी पालकाचा अर्ज लागतो. तो देऊच नका. फेरपरीक्षा मागा, तीही गेली तर त्याच शाळेत पुन्हा नववी. कोकण मंडळाचा दहावीचा निकाल राज्यात वरचा, त्यात गेटवर '100 टक्के'चा फ्लेक्स लावायची चढाओढ. कच्चं पोर नववीतच बाहेर काढलं की टक्केवारी आपोआप सुधारते. 'त्याच्याच भल्यासाठी' हे स्टाफरूममधलं ठरलेलं वाक्य. सतरा नंबरवाल्याला रोजचा वर्ग नाही, वही तपासणारं कोणी नाही. वर्गात बसून ज्याला जमलं नाही त्याला घरी बसून जमेल, हे गणित कुठल्या पुस्तकातलं?

दहावीचं गणित म्हणाल तर बीजगणित 40, भूमिती 40, अंतर्गत 20, मिळून 35 हवेत. अंतर्गत गुण गृहपाठाचे आणि बहुपर्यायी चाचण्यांचे. नियमित येणाऱ्याला पंधराएक मिळतात. उरले 20, तेही 80 पैकी. त्याला अख्खं पुस्तक लागत नाही. सांख्यिकी, संभाव्यता, अंकगणिती श्रेढी आणि भौमितिक रचना पक्क्या करून घ्या. रचनेत मार्क जातात ते सैल कंपास आणि बोथट पेन्सिलीपायी. शिवाय आकृती स्वच्छ दिसावी म्हणून पोरं कंपासने मारलेले कंस पुसतात. कंस ठेवायचे असतात, मार्क त्यांनाच आहेत. आणि एकदोन विषय राहिलेच तर पुरवणी परीक्षा आहे, एटीकेटीने, म्हणजे राहिलेले विषय नंतर सोडवायच्या अटीवर, अकरावीही मिळते.

आता ट्रॉलर. पावसाळी मासेमारी बंदी 31 जुलैला संपते. तोवर पोरगा वर्गात दिसतो, नारळी पौर्णिमा झाली की बाक रिकामा. त्याआधी घरात बोटमालकाची उचल आलेली असेल तर ती फेडायला पोरालाच जावं लागतं. म्हणून बोलायचं ते जुलैच्या आत, त्याच्या वडिलांशी, उचलीबद्दल. पोराला उपदेश करून काही होत नाही.

घरात दुसरं कमावतं माणूसच नसेल तर मात्र वरचं सगळं बाजूला ठेवा आणि राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची (एनआयओएस) दहावी बघा. पाच विषय, गणित सक्तीचं नाही. पण ती वाट घरच्यांनी निवडायची. शाळा सुचवत असेल तर आधी कारण लेखी मागा.