गाठोडी अकराच कशी?

प्रश्न : सर, सादर नमस्कार. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. २०१६ सालचं भौतिकशास्त्राचं नोबेल 'द्रव्याच्या टोपोलॉजिकल अवस्थां'वरच्या कामाला मिळालं, असं वाचलं. आम्हाला अवस्था म्हणजे स्थायू, द्रव, वायू एवढंच माहीत. टोपोलॉजीत भोकं मोजतात म्हणे. मग पदार्थात कुठली भोकं? आणि नमुन्यात अशुद्धी असूनही प्रयोगाचं उत्तर इतकं नेमकं कसं येतं?
— एक विद्यार्थिनी, ता. कळंब, जि. यवतमाळ

उत्तर : पोरी, तुझा शेवटचा प्रश्न आधी घेतो. सगळा जीव त्यातच आहे.

गेल्या हिवाळ्यात आम्ही अकरा गाठोडी कापूस विकायला काढला. पहाटे घरच्या काट्यावर ४ क्विंटल ३८ किलो भरला. दुपारी खरेदीच्या जागी तोच ४ क्विंटल २६. मी हुज्जत घालून दुसऱ्या काट्यावर घालायला लावला, तिथं ४ क्विंटल ३१. पहाटेचं दव, दुपारचं ऊन, काट्यातला फरक, कारण काहीही असो, वजन तीनदा बदललं. गाठोडी मात्र तिन्ही ठिकाणी अकराच. वाटेत एकाची गाठ सैल होऊन मूठभर कापूस बैलबंडीखाली सांडला, तरी अकराच. मापलेली गोष्ट थोडी थोडी सरकते. मोजलेली सरकत नाही. बदललीच तर एकदम एकाने बदलते.

आता प्रयोगाकडे ये. पातळ पट्टीतून लांबीच्या दिशेनं विजेचा प्रवाह सोडायचा, वरून चुंबकीय क्षेत्र लावायचं आणि पट्टीच्या आडव्या दिशेला किती व्होल्टेज येतं ते बघायचं. एडविन हॉल यांनी हे १८७९ मध्ये दाखवलं. क्षेत्र वाढवत गेलं की हे व्होल्टेज सावकाश वाढत जातं, अशीच समजूत होती. फेब्रुवारी १९८० मधल्या एका रात्री फ्रान्समध्ये ग्रनोबल इथं क्लाउस फॉन क्लिट्झिंग अतिथंड सिलिकॉनच्या नमुन्यावर हेच बघत होते. आलेखात चढ नव्हता, सपाट पायऱ्या होत्या. आडवं व्होल्टेज भागिले प्रवाह केलं की उत्तर २५,८१२.८ ओहम, त्याचा निम्मा, त्याचा तिसरा हिस्सा, असंच यायचं. नमुना बदला, त्याची लांबी-रुंदी बदला, त्यात थोडी घाण असू द्या, पायरी तिथंच. आज वेगवेगळ्या पदार्थांतल्या पायऱ्या अब्जात एक भागापेक्षाही जास्त काटेकोर जुळतात. क्लिट्झिंग यांना १९८५ चं नोबेल मिळालं.

निसर्ग इथं मापत नव्हता, मोजत होता. पण काय मोजत होता? ते डेव्हिड थाउलेस यांनी तीन सहकाऱ्यांसह १९८२ मध्ये दाखवलं, आणि तुझी 'भोकं' इथंच आहेत. २०१६ चं नोबेल जाहीर करताना समितीच्या सदस्यानं पिशवीतून पावाचे प्रकार काढले होते : एकाला भोक नाही, एकाला एक, एकाला दोन; दीड भोक कुणालाच नसतं. मला मात्र आमच्या गावच्या गिरणीचा पट्टा जास्त जवळचा वाटतो. पट्टा तुटला की गिरणीवाला दोन्ही टोकं समोरासमोर धरून वादीनं शिवतो. शिवण्याआधी एका टोकाला चुकून अर्धा पीळ पडला, तर तो पट्ट्यात कायमचा बसतो. ओढा, ताणा, तेल लावा, पुढे सरकवा, पीळ जागा बदलेल, पण जाणार नाही. पाऊण पीळ कधीच नसतो, कारण मग टोकं जुळतच नाहीत. पीळ घालवायला शिवण उसवावी लागते. इलेक्ट्रॉनच्या लहरींनाही असाच पीळ असतो. तो धातूच्या तुकड्यात डोळ्यांनी दिसणारा नव्हे. इलेक्ट्रॉनचा संवेग बदलत एक पूर्ण फेरी मारली की त्याची लहर किती वेळा वळून जागेवर येते, त्याची ती संख्या. पायरीचा क्रमांक म्हणजे हा पीळ. थोडीशी अशुद्धी म्हणजे पट्ट्यावरचा ओरखडा. त्यानं पीळ कसा जाणार?

आणि इथली शिवण म्हणजे ऊर्जेतली फट. भरलेल्या आणि रिकाम्या ऊर्जापातळ्यांच्या मधली ही मोकळी जागा शाबूत आहे तोवर संख्या हलत नाही. म्हणून ही स्वतंत्र 'अवस्था'. पाण्याचं बर्फ होताना रेणूंची मांडणी बदलते. इथं मांडणी तीच राहूनही संख्या वेगळी असू शकते.

आता मला सगळ्यात आवडतो तो भाग. पदार्थाच्या आत संख्या १ आहे, बाहेर हवेत ०. मग १ चं ० कुठं होणार? धुऱ्यावरच, म्हणजे कडेवरच. तिथं फट मिटावीच लागते, आणि फट मिटली की वीज वाहते. आतून विद्युतरोधक, कडेनं वाहक! १९८८ मध्ये डंकन हाल्डेन यांनी कागदावर दाखवलं की यासाठी बाहेरचं चुंबकीय क्षेत्र लागतंच असं नाही. २००५ नंतर अशाच, पण जरा वेगळ्या पिळाचे पदार्थ सुचले आणि सापडलेही. बिस्मथ सेलेनाइड त्यातला एक. पितळेच्या भांड्याची कल्हई खरवडली की पितळ उघडं पडतं. याचं तसं नाही. याचा वरचा थर काढ, खालून आलेला नवा पृष्ठभागही वीज वाहून नेतो. वाहकपणा वरून चढवलेला नाही, आतल्या संख्येनं तो कडेवर आणला आहे.

हे मी सांगतो म्हणून मानू नकोस. तुला मॅट्रिक्सच्या आयगेन किमती काढता येतात, तेवढ्यावर भागेल. चार अणू एका ओळीत, शेजाऱ्याशी जोड ०.१, १, ०.१. चार बाय चारचा मॅट्रिक्स मांड. कर्णावर शून्य, लगतच्या जागी या जोडण्या, बाकी शून्य. चार किमतींपैकी दोन ±१.०१ च्या जवळ येतील आणि दोन ±०.०१ च्या जवळ. त्या लहान दोन किमतींचे आयगेन व्हेक्टर लिहून काढ आणि पहिल्या व शेवटच्या अणूवर, म्हणजे ओळीच्या दोन कडांवर, किती वजन आहे ते बघ. मग जोड उलट घे, १, ०.१, १. शून्याजवळचं कुणी उरणार नाही. दोन्ही उत्तरं पोस्टकार्डावर पाठव, आणि चारचे आठ अणू केले तर ते ०.०१ कुठं जातं, तेही त्यातच लिही.