माझ्या २००३ च्या टोयोटा कॅमरीत ऑक्स (बाहेरचं यंत्र वायरने जोडायची खाच) नाही, पण कॅसेट प्लेअर आहे. मूळ स्टिरिओ न बदलता सिरियस एक्सएम हा उपग्रहावरून येणारा रेडिओ बसवता येईल का?

हो, येईल. डॉक-अँड-प्ले प्रकारचा, म्हणजे स्टँडमध्ये अडकवायचा आणि काढता येणारा छोटा रिसीव्हर घ्या, तो सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालतो आणि मूळ स्टिरिओला हातही लावावा लागत नाही. मी इथे न्यू जर्सीत गाड्यांचे स्टिरिओ बसवतो, त्यावरून सांगतो. तुमच्या गाडीत ऑक्स नाही पण कॅसेट प्लेअर आहे म्हणता, तर कॅसेट अडॅप्टरच वापरा, म्हणजे प्लेअरमध्ये घालायची, वायरने रिसीव्हरला जोडलेली कॅसेट. रिसीव्हरचा आवाज एफएमवरून स्टिरिओला पाठवायचीही सोय असते, पण न्यूयॉर्कच्या आसपास एफएमवर मोकळी जागा सापडणं कठीण, सारखी खरखर येते.

खरी मेहनत अँटेनाची. तो आतल्या डॅशबोर्डवर ठेवू नका, त्याला उघडं आकाश दिसलं पाहिजे. छताच्या मागच्या भागात, कडेपासून चार-पाच इंच आत चिकटवा. लोहचुंबक असतो, भोक पाडावं लागत नाही. वायर मागच्या काचेच्या रबराखाली दाबत डिकीत उतरवा, तिथून मागच्या सीटखालून आणि दाराच्या उंबऱ्याच्या प्लास्टिक पट्टीखालून पुढे आणा. उरलेली वायर कापू नका, गुंडाळून सीटखाली ठेवा.

मात्र जुना, वापरलेला रिसीव्हर घेणार असाल तर पैसे देण्याआधी त्याचा रेडिओ आयडी (रिसीव्हरचा ओळख क्रमांक) सिरियस एक्सएम कंपनीला कळवून तो सुरू होतो का, ते विचारा. सबस्क्रिप्शनचा खर्च वेगळा, आणि ही सेवा उत्तर अमेरिकेपुरतीच आहे. भारतात हा रिसीव्हर चालणार नाही.