मानेतून कानशिलापर्यंत चढणारं दुखणं आणि ट्रिगर पॉइंट मसाज: खरंच फायदा होतो का?

ताई, तुम्ही लिहिलंय की रोज म्हापशाहून स्कूटरने पणजीला कचेरीत जाता, तीन महिन्यांपासून मानेची उजवी बाजू दुखते, दुखणं कानामागून कानशिलापर्यंत चढतं, एमआरआयमध्ये ‘डिस्क बल्ज’ (मणक्यांमधली गादी थोडी बाहेर फुगलेली) आलाय आणि मैत्रिणीने ट्रिगर पॉइंट मसाज सुचवलाय. त्याचा फायदा होतो का, किती वेळा करावा लागतो आणि घरी जमेल का, असे तुमचे तीन प्रश्न आहेत.

मी फोंड्यात फिजिओथेरपिस्ट आहे, चौदा वर्षं हेच काम करते. तुम्ही वर्णन केलंय तसं दुखणं घेऊन आठवड्याला चार-पाच जण तरी माझ्याकडे येतात. फायदा होतो, हे आधीच सांगते. पण तो कुठवर होतो हे कळलं नाही तर माणूस महिनोन्‌महिने पैसे घालवत राहतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

या उपचारावर माझा विश्वास बसला तो पुस्तकातून नाही, माझ्या आईच्या खांद्यावरून. आमचं घर सत्तरीत. आमच्याकडे रोजच्या हुमणाला, म्हणजे माशांच्या आमटीला, नारळ लागतोच, आणि चवथीच्या आधी नेवऱ्यांसाठी एका बैठकीला आठ-दहा नारळ खोवले जातात. आई आदोळीवर, म्हणजे खोवणीच्या विळीवर, बसून हे सगळं एकटी करायची. एका वर्षी चवथ होऊन गेली तरी तिचा उजवा खांदा दुखायचा थांबेना. पुढच्या बाजूने, अगदी आत हाडात दुखतं म्हणायची. हात मागे नेऊन अंबाडा घालता येईना, त्या कुशीवर झोपता येईना. दोन महिने ती खांद्याच्या पुढच्या बाजूला बाम चोळत होती. मी तेव्हा शिकत होते, सुट्टीत घरी आले होते. पडवीत तिला पुढे बसवलं आणि मागून पाठीच्या फऱ्यावर, म्हणजे खांद्यामागच्या चपट्या हाडावर, अंगठा फिरवत गेले. फऱ्याच्या मधोमध सुंभासारखी ताठ एक दोरी लागली आणि तिच्यात चवळीच्या दाण्याएवढी गाठ. तिच्यावर दाब दिला तशी आई ‘हांगाच!’ म्हणून ओरडली. पण डाव्या हाताचं बोट तिने ठेवलं ते खांद्याच्या पुढच्या बाजूला, जिथे रोज बाम चोळत होती तिथेच. मी दाबत होते मागे, दुखत होतं पुढे.

ट्रिगर पॉइंट म्हणजे हेच. स्नायूतला एक ताठ पट्टा, त्यात एक हुळहुळी जागा, आणि ती दाबली की दुखणं दुसरीकडेच उमटतं. आईचा तो स्नायू म्हणजे इन्फ्रास्पायनेटस. तुमच्या वर्णनावरून मला आधी संशय येतो तो अप्पर ट्रॅपेझियसचा, म्हणजे मान आणि खांदा यांच्यामधल्या त्या जाड उंचवट्याचा. त्याचं दुखणं मानेच्या बाजूने वर चढतं, कानामागून वळतं आणि कानशिलावर येऊन थांबतं. माणूस डोकं दाबत बसतो, गोळ्या घेतो, आणि मूळ जागा खाली खांद्यावर तशीच राहते. पार्श्वभागातल्या ग्लुटियस मिनिमसचं दुखणं तर पायाच्या बाहेरून थेट घोट्यापर्यंत उतरतं आणि लोक सायटिका समजून घाबरतात.

ही दुखण्याची पळवाट शोधण्याचा इतिहासही मला फार आवडतो. १९३८ साली लंडनमध्ये जोनास केलग्रेन या डॉक्टरांनी माणसांच्या स्नायूंत मिठाचं तीव्र पाणी टोचून, दुखणं कुठे उमटतं याची नोंद केली. पुढे अमेरिकेत जॅनेट ट्रॅव्हेल यांनी डेव्हिड सायमन्स यांच्याबरोबर जवळजवळ प्रत्येक स्नायूचा असा नकाशा तयार केला. ट्रॅव्हेल जॉन केनेडींच्या पाठदुखीवर उपचार करत होत्या आणि १९६१ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या वैयक्तिक डॉक्टर झाल्या. त्या पदावर आलेल्या त्या पहिल्या महिला. केनेडींची ती झुलती खुर्चीही त्यांनीच सुचवलेली.

गाठ का पडते याचं सर्वांत प्रचलित स्पष्टीकरण असं आहे. स्नायूला आखडायला ऊर्जा लागते हे सगळ्यांना ठाऊक असतं. सैल व्हायलाही लागते, हे फार थोड्यांना. आखडताना स्नायूच्या धाग्यात सुटलेलं कॅल्शियम परत आत ओढून घेतल्याशिवाय धागा सुटत नाही, आणि त्या ओढण्याला ऊर्जा खर्च होते. एखादा भाग तासन्‌तास थोडासाच आखडलेला राहिला तर तिथल्या बारीक रक्तवाहिन्या दबतात, प्राणवायू कमी पोहोचतो, ऊर्जा कमी पडते आणि सैल व्हायलाच बळ उरत नाही. त्यातून जी द्रव्यं साचतात ती मज्जातंतूंना डिवचतात. म्हणून एकदाच जड वजन उचलण्यापेक्षा रोज सहा तास खांदे अर्धा इंच वर धरून टाइप करणं मानेला जास्त भोवतं.

हे स्पष्टीकरण सगळ्यांना मान्य नाही, हेही सांगायला हवं. २०१५ साली क्विंटनर, बोव्ह आणि कोहेन यांनी या सिद्धांतावर कडक टीका केली. एकाच माणसाला दोन थेरपिस्टांनी तपासलं तर दोघांची बोटं एकाच गाठीवर पडतील याची खात्री नसते, हा आक्षेप तर माझ्या अनुभवाशीही जुळतो. मला वाटतं, दुखणं खरं आहे, दाबल्यावर मिळणारा आराम खरा आहे, कारणाबद्दल मात्र अजून वाद आहे. पेशंटला मी हे असंच सांगते.

आता तुमच्या एमआरआयबद्दल, कारण तुमच्या प्रश्नात खरी भीती मला तिथे दिसली. जपानमध्ये १,२११ निरोगी लोकांच्या मानेचे एमआरआय काढले होते. त्यातल्या ८७.६ टक्के लोकांत डिस्क बल्ज सापडला, आणि तोही काही त्रास नसताना. तुमच्या रिपोर्टमधला तो शब्द खोटा नाही, पण तेच दुखण्याचं कारण आहे असं त्यावरून ठरत नाही. हाताला मुंग्या, बोटांत बधिरपणा, पकड ढिली होणं यातलं काही असेल तर गोष्ट वेगळी. मग मसाज बाजूला ठेवा आणि आधी ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवा. फोंड्याचा एखादा पेशंट असा आला तर मी स्वतः त्याला बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) पाठवते.

फायदा काय काय होतो? गाठीवर नीट दाब दिला की दुखणं कमी होतं आणि मान वळायला लागते, बहुतेकदा त्याच दिवशी. स्नायूंच्या ताणामुळे येणारी डोकेदुखी कमी वेळा येते. दुखणं हललं की झोप लागते, आणि झोप लागली की दुसऱ्या दिवशीचं दुखणं आणखी उतरतं. हे मी रोज बघते आणि अभ्यासही साधारण हेच सांगतात. पण ते अभ्यास छोटे आहेत, आणि फायदा दिसतो तो काही दिवसांचा, काही आठवड्यांचा. वर्षभराने काय, याचा भक्कम पुरावा नाही. मसाजने ‘विषारी द्रव्यं बाहेर पडतात’ असं कोणी म्हणालं तर तिथून उठा. तसं काही होत नाही, आणि दुखण्याने त्रासलेल्या माणसाला असं सांगून पैसे घेणं मला सहन होत नाही.

आईचंच सांगते. पडवीत त्या दिवशी मिनिटभर अंगठा धरून ठेवल्यावर तो दाणा विरघळल्यासारखा मऊ झाला आणि तिचा हात डोक्यामागे गेला. तिला रडू आलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत निम्मं दुखणं परत आलं होतं. मी खट्टू होऊन माझ्या सरांना फोन केला. ते दोनच गोष्टी बोलले: आधी तिची साखर तपास, आणि नारळ कोण खोवतंय ते बघ.

साखर का, तर मधुमेहात खांदा जखडतो, ज्याला आपण फ्रोझन शोल्डर म्हणतो, आणि त्यावर हा मसाज पुरत नाही. गोव्यात हे विसरून चालणारच नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीत मधुमेहाचं प्रमाण देशात सर्वांत जास्त आपल्याकडे निघालं, २६.४ टक्के. ओळखायची साधी खूण अशी: कोपर अंगाला टेकवून ठेवा आणि दुसऱ्या माणसाला तुमचा हात हळूच बाहेरच्या बाजूला वळवू द्या. तुम्ही जोर लावत नसतानाही तो अडकला, तर खांद्याचा सांधा जखडला असण्याची शक्यता जास्त. आईचा हात वळत होता, साखरही ठीक निघाली. मग तीन आठवडे रोज थोडा दाब, वर शेक, हळूहळू हाताचा व्यायाम, आणि नारळ खोवायला माझा भाऊ बसला. खांदा बरा झाला तो या सगळ्याने मिळून. दाबाने दुखणं थोडा वेळ मागे हटतं. त्या वेळात तुम्ही स्नायू हलवला, त्याला बळ दिलं आणि त्याच्यावरचं रोजचं ओझं उतरवलं तर ते मागेच राहतं.

तुमच्या बाबतीत ओझं कुठे आहे ते तुमच्या लिहिण्यातूनच कळतं. स्कूटरवर खांदे कानाकडे ओढलेले असतात, पावसात रेनकोट घालून तर आणखीच. पर्स कुठल्या खांद्याला लावता ते बघा, माझा अंदाज उजव्या. ती पाठीवरच्या बॅगेत घाला. कचेरीत माउस इतका जवळ घ्या की कोपर अंगाला लागून राहील, आणि स्क्रीन डोळ्यांच्या रेषेत आणा, खाली जाड फायली ठेवल्या तरी चालतील. सिग्नलला थांबलात की खांदे मुद्दाम खाली सोडायचे. एवढ्यानेच माझ्या कितीतरी पेशंटची निम्मी तक्रार गेली आहे.

घरी करायचं ते असं. टेनिसचा बॉल एका लांब मोज्यात घाला, म्हणजे तो निसटून पलंगाखाली जाणार नाही. भिंतीकडे पाठ करून उभ्या राहा, मोजा खांद्यावरून मागे सोडा आणि बॉल फऱ्याच्या वरच्या कोपऱ्याजवळ टेकवा. गुडघे किंचित वाकवून तो सावकाश फिरवत ओळखीचं दुखणं जागं करणारी जागा शोधा. ओळखीचं म्हणजे रोजचं तेच, कानशिलाकडे जाणारं. नुसतंच दुखलं तर ती जागा नव्हे. सापडली की हलू नका. दहापैकी पाच-सहा इतकं दुखेल एवढाच दाब, तीस ते साठ सेकंद, श्वास चालू ठेवून. दुखणं आपोआप ओसरू लागतं, तेव्हा सोडा. खांद्याचा वरचा उंचवटा मात्र बॉलने नाही, डाव्या हाताच्या चिमटीत धरून दाबायचा. दोन-तीन जागा, दिवसातून एक-दोनदा, बस. मग गरम पाण्याची पिशवी दहा मिनिटं आणि मान दोन्हीकडे सावकाश पाच-सहा वेळा वळवा. दुसऱ्या दिवशी थोडं ठणकलं तर चालेल. काळंनिळं पडलं तर जोर जास्त झाला.

मानेच्या पुढच्या बाजूला, जिथे नाडी लागते, तिथे कधीही दाबू नका. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, हाडं ठिसूळ असतील, गरोदर असाल, किंवा पायाच्या पोटरीला सूज येऊन ती गरम लागत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मसाज नको. दुखण्याबरोबर ताप, कारण नसताना घटणारं वजन, किंवा रात्री झोपेतून उठवणारी वेदना असेल तरी नको. आणि खांदा, हात किंवा जबडा दुखताना छाती भरून आली, घाम फुटला, तर गाठ शोधत बसायचं नाही, १०८ ला फोन करायचा.

किनाऱ्यावरच्या मसाजच्या पाट्यांबद्दल मला नेहमी विचारतात. तिथे अंग मोकळं होतं, सुट्टीवर आलेल्या माणसाला तेवढं पुरतं. पण तीन महिन्यांच्या दुखण्यासाठी आधी तुमची मान, हातांची ताकद आणि संवेदना तपासणाऱ्या माणसाकडे जा. कुठे दुखतं एवढंच विचारून थेट तेल लावणाऱ्याकडे नको. ‘जितकं दुखेल तितकं बरं’ म्हणणाऱ्याकडेही नको. काही वर्षांपूर्वी एका बाईंच्या खांद्यावर कुणीतरी कोपराने इतका जोर दिला होता की त्या माझ्याकडे आल्या तेव्हा पाठभर काळे डाग होते आणि मान आधीपेक्षा जास्त आखडली होती. त्यांना आठ दिवस नुसता शेक आणि आराम द्यावा लागला.

किती बैठका? आठवड्यातून एक-दोन, अशा तीन-चार. पहिल्या दोनांत मान थोडी तरी जास्त वळायला हवी. चौथीनंतरही काही फरक नसेल तर मी मसाज थांबवते आणि पेशंटला पहिल्यापासून तपासते, कारण मग दुखण्याचं मूळ बहुधा स्नायूत नसतं. आजच आरशासमोर बसून हनुवटी उजव्या खांद्याकडे किती वळते ते बघून ठेवा, मोबाइलवर फोटो काढलात तर उत्तम. दहा दिवसांनी पुन्हा काढा आणि फरक इथे लिहा, मी वाचते.