आधी सी की थेट पायथन?

प्रश्न : मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. वडिलांची मार्केट यार्डात गुळाची अडत आहे. मला प्रोग्रॅमिंग शिकायचंय. क्लासवाले म्हणतात, आधी सी, मग सी प्लस प्लस, मग जावा. मावसभाऊ म्हणतो, थेट पायथन धर. कुणाचं ऐकू?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : मावसभावाचं. क्लासवाल्यांचा क्रम इंजिनिअरिंगच्या पोरांसाठी ठीक आहे. सी ही भाषा डेनिस रिची यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधनसंस्थेत घडवली, आणि युनिक्स ही संगणक चालवणारी ऑपरेटिंग सिस्टिम तिच्यात नव्यानं लिहिली गेली. मेमरीचा हिशेब तिच्यात आपणच ठेवायचा. तू शिरोलीच्या एखाद्या कारखान्यात मशीनचं कंट्रोलर कार्ड करणार असतीस, तर मीच म्हटलं असतं, सी शिक. पण तुझ्या घरात रोज लागते ती शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे त्याच्या मालाच्या वजनाचा, दराचा नि खर्चाचा हिशेब.

मग पट्टीच कर. पायथन फुकट मिळतं. पहिल्या दिवशी एवढंच : गुळाचे रवे (ढेपा) किती ते विचारायचं, १० किलोनं गुणायचं, वजन दाखवायचं. इथं तू हमखास अडकणार. 'इनपुट' या आज्ञेनं वापरणाऱ्याकडून घेतलेले १२ पायथनच्या लेखी आकडा नसतात, नुसती अक्षरं असतात. त्यामुळे १०नं गुणलंस की १२० येत नाहीत. १२, १२, १२ असे दहा वेळा एकाला एक चिकटून उमटतात. ते 'इंट'च्या (अक्षरांचा पूर्णांक करणाऱ्या आज्ञेच्या) कंसात घाल, की १२० येतील. डेटा टाइपवरचं (माहितीच्या प्रकारांवरचं) आख्खं प्रकरण वाचून जे डोक्यात शिरत नाही, ते या एका घोळात शिरतं.

मग दर, हमाली, तोलाई. दर क्विंटलचा, वजन किलोत. शंभरनं भागायला विसरलीस तर शेतकरी खूश होईल, वडील नाही. व्हेरिएबलला, म्हणजे किंमत साठवायच्या खणाला, रवे, दर, हमाली अशी मराठी नावं दिलीस तरी पायथन ३ कुरकुर करत नाही. प्रोग्रॅममध्ये लिहायचे आकडे मात्र इंग्रजीच हवेत. गंमत म्हणजे, प्रोग्रॅम चालू असताना कुणी देवनागरीत १२ टाइप केले तर 'इंट' ते बरोबर ओळखतो!

क्लासची फी भरली नसशील तर सध्या थांब. आणि जावा चांगली की पायथन, या वादात मावसभावासकट कुणाशी पडू नकोस. तुझी पट्टी दुकानातल्या पट्टीशी पैशापैशानं जुळली, की मग एक्सेलची फाइल वाचायला शिक. त्यासाठी 'ओपनपायएक्सएल' नावाची लायब्ररी (तयार कोडचा संच) आहे, तीही फुकटच.