"मॅडम, मी अ‍ॅपला पण खोटं सांगते"

महिन्यातनं दोनतीनदा तरी हा प्रश्न माझ्याकडे येतोच, की मोबाईलमध्ये कॅलरी मोजायचं अ‍ॅप टाकलंय, रोज सगळं भरते, तरी खाण्यात काडीचा फरक नाही, मग माझ्यातच जिद्द कमी आहे का? त्यावर एक केस सांगते. नाव आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

वैशाली, वय ३८, कल्याणला राहते, नोकरी मुंबईत. HbA१c म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेची टेस्ट केली त्यात ६.१ आलं, डायबेटीस नाही पण उंबरठ्यावर (५.७ ते ६.४ या पट्ट्याला प्रीडायबेटीस म्हणतात), डॉक्टर म्हणाले वजन कमी करा, आणि बाईंनी त्याच रात्री अ‍ॅप घेतलं. माझ्याकडे आली तेव्हा ४३ दिवसांचा स्ट्रीक होता, एकही दिवस खाडा नाही. मी म्हटलं वा, छान की. तर डोळ्यात पाणी. "मॅडम, मी अ‍ॅपला पण खोटं सांगते."

झालं असं होतं की अ‍ॅपचं नोटिफिकेशन यायचं रात्री ८ ला, 'आजचं जेवण नोंदवा', आणि ८ ला ही लोकलमध्ये, उभी, एका हाताने कडी धरलेली. मग ती तिथेच जेवणाआधीच जेवण भरून टाकायची, दोन फुलके, एक वाटी वरण, काकडी. म्हणजे काय खाल्लं ते नाही, काय खायला पाहिजे ते. घरी येऊन स्वयंपाक, मुलाचा अभ्यास, पावणेदहाला ताट, आणि सगळे झोपल्यावर साडेदहाला ओट्यापाशी उभ्यानेच फरसाणचा डबा. ते कुठेच लिहिलेलं नाही, कारण लिहिलं की आकडा लाल होतो. आता बघा, तो लाल रंग तिच्याशिवाय कुणालाच दिसत नव्हता, तरी त्याची एवढी भीती! मला तर वाटतं शाळेतल्या लाल पेनाने आपलं जे काही करून ठेवलंय ते पन्नाशीपर्यंत जात नाही.

मी तिला म्हटलं अ‍ॅप उघडा, आकडे बघायचे नाहीत, फक्त वेळा बघू. दुपारचा डबा १ ला, ४ ला चहा आणि दोन बिस्किटं, त्यानंतर थेट रात्रीचं जेवण, ८ ला भरलेलं, पण खरं पावणेदहाचं. पावणेसहा तास पोटात काही नाही! ४३ दिवस हे तिच्या फोनमध्येच पडलं होतं, पण स्क्रीनवर मोठ्ठा दिसतो तो दिवसाच्या कॅलरींचा गोल, तो हिरवा असला की झालं.

आकड्यांचं पण एक सांगून ठेवते. बऱ्याच अ‍ॅपमध्ये पदार्थ लोकांनीच भरलेले असतात, त्यामुळे ज्वारीची भाकरी शोधली की एकीकडे ११० आणि दुसरीकडे २०० पेक्षा जास्त, असंही दिसतं. पीठ ६० ग्रॅम धरलं तर २०० च्या आसपास जाते, पण तुमच्या घरची भाकरी केवढी हे अ‍ॅपला काय माहीत. वाटीचं तेच. आणि तेल तर कुणी भरतच नाही. वैशालीच्या घरी चार माणसं आणि महिन्याला ५ लिटरचा डबा, म्हणजे माणशी दिवसाला ४० मिलीच्या वर, त्याच्याच साडेतीनशेच्या आसपास कॅलरी झाल्या, आणि अ‍ॅपमध्ये ती 'एक वाटी भेंडीची भाजी' असं लिहून मोकळी. हा भाग मी आहारतज्ज्ञांकडे सोपवला, ते माझं काम नाही.

माझ्या बाजूने दोन आठवडे कॅलरी बंद करायला लावल्या. जे खाल ते खायच्या आधी फोटो, बास, आणि सोबत भूक किती ते १ ते ५ मध्ये. पहिले तीन दिवस फरसाणचा एकही फोटो नाही, मी पण विचारलं नाही. चौथ्या दिवशी आला, अंधारा ओटा, स्टीलच्या डब्याचं झाकण बाजूला, भूक ५. पुढे मोजलं तर बारा रात्रींपैकी आठ रात्री डबा उघडला होता. उरलेल्या चारपैकी तीन दिवस असे, की लोकलमधल्या ग्रुपमध्ये कुणीतरी चणे-शेंगदाणे वाटले होते! तिला वाटत होतं आपल्याला चटक लागलीये, मन ताब्यात नाही. साधी भूक होती हो.

मग केलं एवढंच, की ८ चं नोटिफिकेशन बंद, स्ट्रीक दिसणं बंद (सेटिंगमध्ये असतं, नसलं तर दुसरं अ‍ॅप घ्या सरळ), आणि साडेपाचला मोबाईलचा साधा अलार्म, त्याला नाव दिलं 'डबा'. फुटाणे, नाहीतर उकडलेलं अंडं. रात्रीचा डबा दोन रात्रींवर आला. पूर्ण थांबला नाही, आणि ज्या रात्री नवऱ्याशी वाजतं त्या रात्री तो उघडतोच, त्यावर अजून बोलतोय आम्ही, ते काम अ‍ॅपच्या आवाक्यातलं नाही.

पण सगळ्यांना मी अ‍ॅप ठेवा म्हणत नाही. एक कॉलेजची मुलगी आली होती, आकडा कमी यावा म्हणून जेवण टाळायची, कुणाच्या घरी पाणीसुद्धा बिचकत प्यायची, आईला वाटायचं पोरगी किती शिस्तीची. तिचं अ‍ॅप पहिल्याच दिवशी काढायला लावलं आणि सायकियाट्रिस्टकडे पाठवलं. घरात कुणी जेवून उलट्या काढत असेल, सगळ्यांसोबत ताटावर बसायचं टाळत असेल, पाळी चुकायला लागली असेल तर कृपा करून अजून एक अ‍ॅप सुचवत बसू नका, डॉक्टर गाठा.

वैशालीचं वजन तीन महिन्यांत दोन किलोच्या आतच उतरलंय, ती नाराज आहे, मी नाही. टेस्ट परत करायचीये. मागच्या आठवड्यात तिच्या सासूबाईंचा फोन आला, म्हटलं आता काय तक्रार, तर म्हणाल्या, "सूनबाई ताटाचे फोटो काढते ते मला पण शिकवा, मला शुगर आहे." पण त्यांच्या मोबाईलमध्ये जागाच नाही, सगळी गुड मॉर्निंगच्या फोटोंनी भरलीये.